केसांचे गणित आणि चित्रकलेचा तास

सहामाही परीक्षा आटोपल्यानंतरच्या एका शनिवारी आमच्या वर्गात मुलांना 'ब्रेव्ह' नावाचा चित्रपट दाखविण्यात आला. पिक्सार या अमेरिकन संस्थेने २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने तयार केलेला हा ॲनिमेशनपट. स्कॉटलंडमधील मेरिडा नावाची एक राजकन्या, तिची आई आणि एक अस्वल यांची ही कथा आहे. या राजकन्येचे केस तांबडे, कुरळे आणि अनावर आहेत. ती भरधाव घोडा फेकीत रानातून जाते तेव्हा ते उसळतात, एकमेकांवर आदळतात आणि ती थांबली की क्षणभराने निवतात. चित्रपट संपला तेव्हा बहुतेकांना अस्वलाविषयी बोलावयाचे होते. नववीतील एका मुलीने मात्र हळूच विचारले, "बाई, हिचे केस कोणी विंचरले असतील हो?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. परंतु घरी परतताना माझ्या मनाला दोन गोष्टी टोचू लागल्या. पहिली ही की, प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता आणि त्याचे उत्तर मजजवळ नव्हते. दुसरी अधिक लाजिरवाणी होती. याच मुलीला महिन्याभरापूर्वी मी सर्वांदेखत रागावले होते. कारण तिच्या गणिताच्या वहीच्या मागील पानांवर एकामागून एक वेण्या, अंबाडे आणि वाऱ्याने विस्कटलेल्या बटा काढलेल्या होत्या. "हे धंदे चित्रकलेच्या तासाला करावेत, गणिताच्या वहीत नव्हे," असे मी तिला सुनावले होते. ते माझे वाक्य चुकीचे होते, असे आज माझे मत झाले आहे. का झाले, ते या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम तिच्या प्रश्नाचे उत्तर. मेरिडाचे केस कोणी विंचरले नाहीत, कारण ते अस्तित्वातच नव्हते. ते गणिताने निर्माण केले होते. कागदावर चित्रे काढून केलेल्या जुन्या पद्धतीच्या चित्रपटांत केस म्हणजे रंगाने भरलेला एक सलग आकार असे. आपली लहान मुले आवडीने पाहतात त्या 'छोटा भीम'चेच पाहा. त्याचे केस म्हणजे एक काळा आकार. तो धावला तरी त्यातील एकही केस वेगळा हलत नाही, आणि तशी अपेक्षाही आपण करीत नाही. परंतु संगणकावरील पात्राला तिन्ही बाजूंनी आकार आला, त्याच्या गालावर खरा वाटणारा उजेड पडू लागला, तेव्हा डोक्यावरचा तो गोळा डोळ्यांत खुपू लागला. १९९५ साली आलेला 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचे नायक खेळणी होते. प्लास्टिक आणि लाकूड त्या काळच्या संगणकाला मानवत होते; मोकळे केस मानवत नव्हते.

केस इतका अवघड का? माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. एकेका केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून सहसा कमीच. तो ओढला तर फारसा ताणला जात नाही. वाकविला तर मात्र सहज वाकतो. संगणकाला हा केस समजावून देण्याची एक सोपी रीत अशी: केस म्हणजे बारीक मण्यांची माळ समजावी आणि दोन मण्यांच्या मध्ये एक स्प्रिंग कल्पावी. प्रत्येक मण्याला गुरुत्वाकर्षण खाली ओढते, वारा ढकलतो, शेजारचे मणी आपल्याकडे खेचतात. या सर्व बलांची बेरीज करून, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने, पुढच्या क्षणी तो मणी कोठे असेल ते काढावयाचे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा नियम तुम्ही नववीत पाठ करता तोच! एका केसात वीस मणी धरले तर एका डोक्यावर वीस लाख मणी झाले. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. त्यांतही केस ताणाला कठीण असल्याने गणिताची पावले फार लहान टाकावी लागतात; पाऊल मोठे पडले की आकडे उधळतात आणि केस पडद्याबाहेर फेकले जातात.

एवढ्याने भागत नाही. केस एकमेकांना घासतात, अडवितात, खांद्यावर टेकतात. एक लाख केसांतील प्रत्येकाची दुसऱ्या प्रत्येकाशी गाठ पडते की नाही हे तपासावयाचे म्हटले तर जोड्या होतात जवळजवळ पाचशे कोटी, आणि तेही एकाच क्षणासाठी! विद्यार्थ्यांनी हा आकडा स्वतः पडताळून पाहावा. एक लाख गुणिले नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव, भागिले दोन.

या पर्वतापुढे संशोधकांनी जी युक्ती लढविली ती मला फार मोलाची वाटते. २००१ साली सुनील हडप आणि नादिया मान्येना-थालमान या दोघांनी जिनिव्हा विद्यापीठातील मिरालॅब या प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, केसांच्या टकरी एकेक करून मोजू नयेत. साऱ्या केशसंभाराकडे एखाद्या वाहत्या द्रवाप्रमाणे पाहावे. नदीतील पाण्याचा प्रत्येक थेंब आपण मोजीत नाही; प्रवाहाची घनता आणि दाब मोजतो. त्याचप्रमाणे केस दाटले की दाब वाढतो आणि ते एकमेकांना दूर सारतात, विरळ झाले की दाब ओसरतो. एकेका केसाचा ताठपणा मात्र वेगळा हिशेबात धरावयाचा. काळ्याभोर केसांना नदीची उपमा देणारे कवी आपल्याकडे पुष्कळ झाले. पण ही उपमा समीकरणात उतरविण्यासाठी प्रथम ती उपमा दिसावी लागते. ते काम एकट्या आकडेमोडीचे नव्हे. ते नजरेचे काम आहे.

त्याच वर्षी पडद्यावर 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' मधील सली हा केसाळ राक्षस आला. त्याच्या अंगावर तेवीस लाखांहून अधिक केस होते. इतके केस एकेक करून हालविणे शक्यच नव्हते. म्हणून थोड्या मार्गदर्शक केसांचे गणित करावयाचे आणि बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या चालीने चालावयाचे, अशी योजना असे. मेरिडाच्या बाबतीतही सुमारे दीड हजार बटा कलावंतांनी घडविल्या आणि त्यांतून एक लाखाहून अधिक केस उभे केले. तेथे एक नवीनच पेच पडला. कुरळी बट म्हणजे एक स्प्रिंगच. ती मऊ ठेवली तर राजकन्या धावू लागताच वेटोळे उलगडून केस सरळ होत. ती कठीण केली तर वेटोळे टिके, पण केस तारेसारखे ताठ दिसत. शेवटी वेटोळ्याच्या मधोमध जाणारी एक सौम्य रेषा कल्पून, लांबीच्या दिशेचा ताण त्या रेषेवर सोपविण्यात आला. त्यायोगे बट उसळू लागली आणि तिचा कुरळेपणाही शाबूत राहिला.

आता कोणी म्हणेल, "हे सारे गणितच झाले. मग चित्रकलेच्या तासाचे कौतुक कशाला?" याचे उत्तर २०१० सालच्या 'टँगल्ड' या चित्रपटात आहे. त्यातील रॅपुन्झेलचे केस सत्तर फूट लांब आहेत. निसर्गाचे सर्व नियम तंतोतंत लावले असते तर त्या केसांच्या भाराने बिचारीला मान वळविणेही कठीण झाले असते! तेथे नियमांना मुरड घालावी लागली. केस नेमके कोणत्या वळणाने खांद्यावरून उतरावेत, कोणती बट रागाच्या वेळी कपाळावर यावी, कोणती लाजताना गालावर थांबावी, हे न्यूटन सांगत नाही. ते ज्याने आयुष्यभर माणसे न्याहाळली आहेत त्याने सांगावयाचे असते. कोठे नियम पाळावा आणि कोठे सोडावा हे कळण्यासाठी नियमही यावा लागतो आणि नजरही असावी लागते. आमच्या शाळांतून मात्र या दोहोंची फारकत आठवी-नववीतच होते. गणितात हुशार मुलाला चित्रकलेची वही बंद करावयास सांगतात, आणि गणितात मागे पडलेल्याला 'तू आपली चित्रे काढ' म्हणून सोडून देतात. दोघांचेही नुकसान होते. मी स्वतः कलाशाखेची पदवीधर आहे. शाळेत असताना गणिताचे भय बाळगले आणि त्या भयालाच अभिरुची असे नाव दिले. त्या मुलीला रागावले तेव्हा हेच भय माझ्या तोंडून उलट्या बाजूने बोलत होते.

या विषयाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक थिओडोर किम यांनी २०२० पासून एक गोष्ट जाहीरपणे मांडली आहे. केसांच्या गणितावर अनेक दशके निबंध लिहिले गेले, परंतु त्यांत 'केस' या शब्दाचा अर्थ बहुधा सरळ किंवा थोडे लहरदार केस असाच गृहीत धरला गेला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट वेटोळ्यांचे केस या शास्त्रात जवळजवळ नव्हतेच. ती उणीव भरून काढण्यासाठी किम आणि त्यांचे सहकारी यांनी ए. एम. डार्क या कलावंत-प्राध्यापकांसह काम केले आणि २०२४ साली अशा केसांसाठी खास गणिती रीत प्रसिद्ध केली. ही काही कोणी ठरवून केलेली दुष्टाई असेल असे मला वाटत नाही. माणूस जे रोज पाहतो त्यालाच 'सर्वसाधारण' समजतो. परंतु जो पाहिला गेला नाही तो पडद्यावर आलाही नाही, हे सत्य उरतेच.

येथे आपण थोडे आपल्याकडे वळून पाहावे. आपल्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या मुलींचे केस कोणत्या निबंधात आहेत? खोबरेल तेलाने चोपलेले, तीन पेडांत घट्ट विणलेले, लाल रिबिनीने दुमडून वर बांधलेले. तेलामुळे केस एकमेकांना चिकटतात आणि एकेकटे उडेनासे होतात. वेणीचे वजन वाऱ्याला दाद देत नाही. मंद झुळुकीने कपाळावरचे चुकार केस भुरभुरतात आणि वेणी मात्र पाठीवर स्वस्थ असते. मुलगी चालू लागली की तीच वेणी लंबकासारखी झुलते. लांब वेणीचा झोका संथ, आखूड वेणीचा लगबगीचा. हाही तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील लंबकाचाच नियम. सणाच्या दिवशी तिच्यात अबोलीचा गजरा माळला की वजनाची जागा बदलते आणि झोक्याची चालही थोडी बदलते. आमच्या कोकणी घरांतून चवथीच्या दिवसांत फुगड्या चालतात. दोघीजणी हात गुंफून, पाय जुळवून, मागे रेलून गरगर फिरतात. फुगडीला वेग आला की दोघींच्या वेण्या पाठ सोडून बाहेरच्या दिशेने उचलल्या जातात. आणि फुगडी एकाएकी थांबली की मुली थांबतात, पण वेण्या थांबत नाहीत, त्या पुढे जाऊन गळ्याभोवती येतात. गती आणि जडत्व यांचा याहून सुंदर धडा मी तरी पुस्तकात वाचलेला नाही.

अळणावरहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या मुलीकडे पाहा. गाडी वेग घेते तसे सुटे केस मागे खेचले जातात, रान दाट असलेल्या ठिकाणी वारा चक्राकार होऊन ते तोंडावर येतात, आणि स्थानक जवळ आल्यावर ते हळूहळू खाली बसतात. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर रोज घडते. परदेशातील कलावंताला ते दिसण्याचा संभव नाही, आणि न दिसल्याबद्दल त्याला बोल लावण्यातही अर्थ नाही. आपली वेणी आपणच पाहिली पाहिजे, आपणच रेखाटली पाहिजे आणि तिचे गणितही आपणच मांडले पाहिजे. बेलूरच्या मदनिकांची केशरचना ज्या शिल्पकारांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी पाषाणात कोरली त्यांनी हेच केले होते. ते दुसऱ्या कोणाची वाट पाहात बसले नव्हते.

पालकांची शंका मला ठाऊक आहे. "बाई, हे ऐकावयास गोड आहे, पण चित्रे काढून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला खोटे उत्तर देणे मला पसंत नाही. २०१२ सालच्या 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ बहुतांश दृश्यांत संगणकावर घडविलेला होता. त्याची लोम अन् लोम हलणारी कातडी पाहून जग थक्क झाले. तो घडविणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या आणि तेथील भारतीय कलावंतांचे हात त्या कामाला लागले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामास ऑस्कर पारितोषिक मिळाले. आणि त्याच महिन्यात त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. या धंद्यात कीर्ती आणि भाकरी नेहमी एका ताटात येत नाहीत, हे मी लपवीत नाही. परंतु मी मुलांना ॲनिमेशनच्या धंद्यात लोटा असे म्हणतच नाही. मी एवढेच म्हणते की, पाहणे आणि मोजणे ही दोन्ही कौशल्ये ज्याच्या अंगी आहेत तो एका धंद्यावर अवलंबून राहात नाही. बारीक, लवचीक वस्तू कशी वाकते आणि पीळ घेते याचे गणित किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले, तेव्हा त्याच्या मनात कोणी राजकन्या नव्हती. तेच गणित आज केसांना लागते, समुद्रतळावर टाकावयाच्या तारांना लागते आणि शस्त्रक्रियेतील टाक्याच्या दोऱ्यालाही लागते.

मग करावे काय? फार मोठे काही नव्हे. चित्रकलेचा तास हा परीक्षा जवळ आली की गणिताला उसना देण्याचा तास आहे, ही समजूत आपण शिक्षकांनी सोडावी. विज्ञानाच्या शिक्षकांनी लंबक शिकविताना दोरीला बांधलेल्या दगडाबरोबर एखाद्या वेळी वेणीचेही उदाहरण घ्यावे. चित्रकलेच्या शिक्षकांनी स्थिर फुलदाणीबरोबर हलणाऱ्या वस्तूही काढावयास द्याव्यात. पुढील वाटा आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र आहे आणि तेथे ॲनिमेशनचे शिक्षण मिळते. आपल्या धारवाडातही २०१६ पासून आय.आय.टी. आहे. परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी, गणिताच्या वहीच्या मागील पानावर काही तरी उमलत असते. ते खोडरबराने पुसू नये एवढेच आपल्या हाती आहे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलाविले. "तुझ्या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे," म्हणून जमेल तसे सांगितले, आणि रागावल्याबद्दल वाईट वाटल्याचेही सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि मग म्हणाली, "पण बाई, माझी वेणी धावताना उजवीकडेच का जाते? मैत्रिणीची डावीकडे जाते." मी म्हटले, "ते मला ठाऊक नाही. तू पाहा, काढ आणि मोज." ती चित्रे आता वहीच्या मागील पानांवरून पुढील पानांवर आली आहेत, शेजारी फूटपट्टीने घेतलेली मापेही आहेत. तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सुटेपर्यंत ती वही बंद कर, असे मी तिला सांगणार नाही. आणि ज्यांच्या घरी अशी वही असेल त्या मातापित्यांनीही ते सांगू नये, एवढीच माझी विनंती आहे.